ओटीपी कुणाला आला?

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी सांगलीत सलूनच्या खुर्चीत बसलो होतो. तोंडाला फेस. त्याच वेळी माझी मुलगी पुण्यात कॉलेजच्या खिडकीपुढे उभी होती. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "लॉगिन कर, ओटीपी येईल तो टाक." ओटीपी आला. सांगलीत. फेसवाल्याच्या खिशात.

"बाबा, ओटीपी सांगा पटकन."

"कसला ओटीपी?"

"आलाय बघा तुमच्या मोबाईलवर."

"अगं, चष्मा काढून ठेवलाय."

शेवटी सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवला, माझा मोबाईल घेतला आणि सहाच्या सहा आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक रोज बजावते. माझा ओटीपी बाकावर नंबर लावून बसलेल्या चौघांना पाठ झाला. तोवर त्याची मुदत संपली होती. दुसरा मागवला, त्यात सात आणि नऊचा घोळ झाला. तिसऱ्याला पोर्टलच रुसलं. खिडकी जेवणासाठी बंद झाली आणि पोरीचा फोन आला. आवाज अगदी शांत, म्हणजे भयंकर. "बाबा, कॉलेजात मी आहे. पण कॉलेजच्या लेखी अजून तुम्हीच आहात."

दाढी अर्धी राहिली होती. ती पुरी केली, पण ते वाक्य काही उतरेना.

हिशोब लावला तेव्हा कळलं की गुन्हा जुना आहे. ती शाळेत असताना आधार काढलं, तेव्हा तिच्याकडे मोबाईल कुठला? माझा नंबर दिला. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. तेव्हा ठसे तिचे घेतले, नंबर माझाच राहिला. मग बारावीचा फॉर्म, सीईटी, कॅप राऊंड, शिष्यवृत्ती, वसतिगृह. सगळीकडे तेच दहा आकडे. जन्मताना डॉक्टरांनी कापलेली नाळ मोबाईल कंपनीने परत जोडून दिली, आणि वर रिचार्जही मीच मारतोय.

आपल्याकडे मूल कॉलेजात जातं म्हणजे नेमकं कोण जातं, हा प्रश्न व्याकरणापासूनच सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही लग्नाला, बारशाला, अगदी दहाव्यालाही जा. "आमचं कॉम्प्युटर झालं." "आम्हाला मेकॅनिकल मिळत होतं, पण आम्ही बेटरमेंटला गेलो." "आम्ही फ्रीझ केलं." बोलणाऱ्याचं वय बावन्न, केस काळे केलेले, गुडघे गेलेले. यांना कोण घेतंय मेकॅनिकलला? ज्याला खरोखर घेतलंय तो कोपऱ्यात जिलेबी खात बसलाय. त्याला कुणी विचारलं की कुठे मिळालं रे, तर तो आधी वडिलांकडे बघतो.

या 'आम्ही'चा कळस म्हणजे पसंतीक्रम. शब्द बघा केवढा गोड आहे. पोराची पसंती, पोराचा क्रम. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये शेकड्यांनी पर्याय भरता येतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला पूल बांधायचे होते. लहानपणापासून नदीवरचा आयर्विन पूल बघत मोठा झालेला पोरगा, त्याला दुसरं काय सुचणार? वडिलांनी एक्सेल उघडली. पहिल्या चाळीस ओळींत कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स. एक्केचाळिसाव्या ओळीत सिव्हिल, तेही आईने डोळे वटारले म्हणून. त्यात २०२५च्या प्रवेशापासून नियम असा की पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला लागला तरी तेच. म्हणजे पहिल्या ओळीत कोण बसलाय हे आता गमतीवारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. पोराला पहिल्याच फेरीत पहिला पर्याय लागला. घरात पेढे. पूल तसाच.

गंमत अशी की याच पोराला देशाचं सरकार निवडायला आपण लायक ठरवलंय. मताचं वय एकविसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८८ सालची. ज्या पिढीसाठी ती झाली तीच आज बाप झाली आहे. म्हणजे अठराव्या वर्षी आपण खासदार निवडला, आणि आता आपल्या अठरा वर्षांच्या पोराला ब्रँच निवडता येत नाही असं आपणच म्हणतोय.

असो. दुसऱ्याच्या एक्सेलला नावं ठेवणं सोपं असतं. माझं ऐका.

मुलीला वसतिगृहावर सोडायला आम्ही पाच जण गेलो. मी, बायको, सासूबाई, ड्रायव्हर आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ कशाला, तर त्याला पुणं माहीत आहे. १९९४ साली त्याने तिथे तीन महिन्यांचा टायपिंगचा कोर्स केला होता. सामानात गादी, दोन उश्या, बादली, मग, कपडे वाळत घालायची दोरी, इस्त्री, भडंगाचा पाच किलोचा डबा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि रात्री दुधात घालायला घरची हळद. सांगलीचा माणूस हळदीशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. रेक्टरबाईंनी त्या ढिगाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलगी ठेवायचीय की सामान? दोन्हीला जागा नाही."

इस्त्री नियमात बसत नव्हती, ती परत आली. हळदही परत आली. भडंग राहिलं. ते तीन दिवसांत संपलं, आणि मुलीच्या पहिल्या चार मैत्रिणी त्या डब्यामुळे झाल्या. सबंध लवाजम्यात खरा आधार त्या डब्याचाच झाला, हे नमूद करतो.

गाडी परतीला लागली तेव्हा मला धोंडो केशव कर्वे आठवले. १८७५ साली हा मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी मित्रांबरोबर पायी साताऱ्याला गेला. घाट चढून, शंभरावर मैल. पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहून ठरवलं की हा लहान दिसतो, याचं सतरावं सरलेलं नसणार. बसू द्यायचं नाही. वय पुरं होतं, अंगकाठी पुरी नव्हती. आला तसा परत. हेच आज घडलं असतं तर? तासाभरात पालकांच्या ग्रुपवर दोनशे मेसेज, 'कुणी चॅनलवाला ओळखीचा आहे का' अशी विचारणा आणि दुपारपर्यंत आमदारांचं पत्र. कर्वे पुन्हा परीक्षेला बसले, पुढे बायकांचं विद्यापीठ काढलं. पोराला घाटातून पायी पाठवा असं मी म्हणत नाही. पण स्वारगेटला उतरून एकटीने रिक्षा ठरवायला काय हरकत होती? पाच माणसं लागली.

पालकांचा ग्रुप म्हटलं ना, तर तो आहे. कॉलेजने केलेला नाही, आम्हीच केलाय. मीही त्यात आहे. सकाळी सात वाजता सुविचार, साडेसातला मेसमधल्या पोळीचा फोटो आणि खाली चर्चा: कच्ची आहे की फोटोत तशी दिसतेय. परवा एका वडिलांनी विचारलं, "उद्याच्या मॅथ्सच्या टेस्टला पोर्शन काय आहे?" दोन मिनिटांत तिघांनी पीडीएफ टाकल्या. एका आईने त्यातला एक धडा पोर्शनमध्ये नसल्याचं सप्रमाण दाखवून दिलं. परीक्षा देणाऱ्यांपैकी त्या ग्रुपवर कुणी नव्हतं. ते सगळे बहुधा कॅन्टीनला असावेत, आणि असावेतच.

कॉलेजंही कमी नाहीत. गैरहजेरीचा मेसेज पालकांना: 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.' पाल्य! बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला ठीक होता हो शब्द. ज्याचं पालन करायचं तो पाल्य. आता पाल्य दाढी करतो, पाल्याकडे पक्कं लायसन्स आहे, पाल्य मत देतो. तरी पहिला तास बुडवला की मोबाईल वाजतो बापाचा. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, तो मोडला तर परीक्षेला बसता येणार नाही, हे पाल्याला सांगा ना. त्याचा नंबर नाही का तुमच्याकडे? नसेलच. फॉर्मवर माझा असणार.

पैशाचं तर विचारू नका. मुलीचं खातं ती अज्ञान असतानाचं, मी पालक म्हणून सही केलेलं. अठरा पुरी झाली की कागदपत्रं नव्याने देऊन खातं तिच्या सहीवर करावं लागतं. ते आम्ही 'नंतर बघू'मध्ये टाकलं. त्यामुळे ती दर दोन दिवसांनी दोनशे रुपये मागायची, मी पाठवायचो आणि खर्च झाला की मेसेज मला. चहा वीस रुपये. म्हणजे दोन चहा. दुसरा कुणाचा? हा विचार मी भर ऑफिसात केला आहे, फायलीवर सही करता करता. एवढी नजर तर आमच्या साहेबांचीही माझ्यावर नाही.

एका रविवारी बायकोच म्हणाली, "अहो, महिन्याचे एकदम द्या तिला. संपले तर संपले." एक तारखेला दिले. अठराला संपले. मुलीने फोन करून मेसमध्ये खाडा कसा मांडतात ते मला समजावून सांगितलं: आदल्या दिवशी वहीत लिहायचं, ठरावीक खाडे झाले की पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. तिने शनिवार-रविवारचे खाडे मांडून मैत्रिणीच्या मावशीकडे जेवणाची सोय लावली होती. दोनशे-दोनशेच्या हप्त्यांत हे शिक्षण झालं नसतं. पुढच्या महिन्यात पैसे सत्तावीसपर्यंत पुरले.

आता 'मी तर आमच्याला एकदम मोकळं सोडलंय' म्हणणाऱ्यांचं. यांना मुलगा कुठल्या वर्षाला आहे ते आठवून सांगावं लागतं. ते मोकळं सोडणं नव्हे, तो निव्वळ आळस आहे. हात काढायचा असतो, लक्ष काढायचं नसतं. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकाचीही सही असते. किती जणांनी तो कागद वाचला? मी नव्हता वाचला. त्यामागे हिमाचलमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात २००९ साली मेलेला अमन काचरू हा पोरगा आहे. त्याच वर्षी यूजीसीचे नियम आले, आणि पुढे त्याचे वडील राजेंद्र काचरू वर्षानुवर्षं याच कामामागे लागले. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, १९९९ सालचा स्वतंत्र कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, दिवसरात्र चालते. हा नंबर मुलांच्या मोबाईलमध्ये सेव्ह असायला हवा, आणि तुमच्याही. पोळीचे फोटो जरा कमी केले तर मेमरी होईल.

मुलगी एका आठवड्यात फोनवर नुसतं 'हो', 'बरं', 'ठेवू का' एवढंच बोलत होती. आम्ही आपले 'जेवलीस का'वर अडलेले. 'जेवलीस का' हा मराठी आईबापांचा सगळ्या प्रश्नांवरचा एकच प्रश्न आहे. त्यात झोप येते का, रडू येतं का, कुणी बोलायला आहे का, सगळं येतं अशी आपली समजूत. पोरांपर्यंत त्यातलं फक्त जेवण पोचतं. धाकटा भाऊ, तोच टायपिंगवाला, त्याने तिला फोन करून म्हटलं, "मला पुण्यात पहिला महिनाभर रोज रडू यायचं. तुझं काय?" तासभर बोलली. पहिल्या चाचणीत वीसपैकी नऊ पडले होते. बारावीला ब्याण्णव टक्के, आणि इथे नऊ. घरी कसं सांगायचं, म्हणून गप्प.

तिने मला सांगितल्यावर मी काय विचारलं असेन? बरोबर. "बाकीच्यांना किती?"

बाकीच्यांनाही सात, आठ, अकरा असेच होते. पण तो प्रश्न विचारण्याआधी मी जीभ चावायला हवी होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात एखादा विषय राहतो. एटीकेटी हा शब्द ज्या घरात कधी ना कधी उच्चारला गेला नाही असं इंजिनिअरचं घर मला दाखवा. विषय राहिला तर राहिला. पोरगी राहिली पाहिजे. आणि गप्प बसणं आठवड्याचं पंधरवड्यावर गेलं तर फोनवर उपदेश करत बसू नका, एसटी पकडा. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, १४४१६. मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. पोराने लावायला हवा असं नाही, घाबरलेल्या बापानेही लावला तरी चालतो.

आता खिडकीतली एक गोष्ट सांगतो, प्रवेशाच्या दिवशी पाहिलेली. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते, सोलापूरकडचे. धोतर नव्हतं, टोपी होती. पायात चपला, खांद्यावर मुलीची बॅग. हातात काहीच नव्हतं. माझ्या हातात फाईल होती. नुसती फाईल नव्हे, वीस कप्प्यांची. लीव्हिंग, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, आणि कप्प्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या.

क्लार्कने त्या गृहस्थांना विचारलं, "नाव?"

ते म्हणाले, "तिला विचारा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

आणि खरोखर दोन पावलं मागे सरकले. मुलीने नाव सांगितलं, मेरिट नंबर सांगितला. एक दाखला कमी निघाला. शुल्कमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे ना, त्यासाठी. मुलीने विचारलं, "सेतूतून काढलाय, पोर्टलवर दिसतोय, डाऊनलोड करून दिला तर चालेल का?" चालेल. तिच्या मोबाईलवर ओटीपी आला, तिने टाकला, शेजारच्या दुकानातून प्रिंट आणली. गेली. दहा मिनिटं.

मग आमचा नंबर. क्लार्कने नाव विचारलं. मी सांगितलं. जन्मतारीख विचारली. मी सांगितली. मेरिट नंबर? मी फाईलचा सातवा कप्पा उघडला. क्लार्कने पेन खाली ठेवलं.

"काका, ॲडमिशन तुम्हाला पाहिजे का?"

मागे रांग हसली. मुलगी हसली नाही. तिने फाईल माझ्या हातातून घेतली, आणि मी बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभा राहिलो. ते टोपीवाले गृहस्थ तिथेच होते. मला तंबाखू विचारली. म्हणाले, "पयल्यांदाच आलाय का पुण्याला?"

फाईल गेली, पण नंबर राहिला. म्हणून तर ती सलूनची सकाळ.

गेल्या शनिवारी मुलगी सुट्टीला आली होती. सकाळी साडेनऊला आम्ही आधार केंद्रावर गेलो. रांगेत ती उभी राहिली. मी समोरच्या गाड्यावर चहा घेतला, मग दुसरा घेतला, कारण तिथून ती दिसत होती. तासाभराने आली. आधारचं झालं, आता बँक आणि शिष्यवृत्तीचं पोर्टल बाकी आहे, ते पुण्याहून करते म्हणाली. मी पावती मागितली, फाईलला लावायला.

म्हणाली, "माझ्याकडे राहू दे."